जगदेवीबाईंची चिमूट

जगदेवीबाई हिरेमठ सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात सतरा वर्षं प्रयोगशाळा परिचर होत्या, आणि त्यातली शेवटची चार वर्षं त्यांच्या सासूबाईंची अशी समजूत होती की सून आता कॉलेज सोडून दातांच्या औषधाच्या कारखान्यात जाते. ही समजूत कुणी करून दिली नव्हती, ती आपोआप झाली होती. संध्याकाळी जगदेवीबाई भवानी पेठेतल्या घरी आल्या की त्यांच्या अंगाला लवंगेचा वास येई, आणि लवंग म्हणजे दात हे सासूबाईंना, काशम्मांना, सांगायला कुणी लागत नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की लवंगेच्या तेलाचे काही थेंब बादलीतल्या पाण्यात टाकले की मासा आधी सुस्तावतो, मग आडवा होतो, आणि नंतर त्याला कशाचंच काही वाटत नाही. लिंगायत जंगमाच्या घरात, जिथे कांदासुद्धा सोमवारी चिरत नाहीत, तिथे हे सांगण्यापेक्षा दात बरे होते.

नोकरी मुळात त्यांच्या यजमानांची, गुरुशांत यांची. तेव्हा जगदेवीबाई घरी बसून टॉवेलला शिलाई मारत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून एक माणूस सायकलवर गठ्ठे आणून टाकायचा आणि दोन दिवसांनी घेऊन जायचा. एका सोमवारी गुरुशांत कॉलेजातच छातीला हात लावून बसले, आणि बुधवारी सकाळी सव्वासातला दवाखान्यातच वारले. जगदेवीबाई तेव्हा खाली चहा आणायला उतरल्या होत्या. घाईत निघताना विभूतीची पिशवी घरी खिळ्यालाच राहिली होती, त्यामुळे त्यांच्याकडच्या माणसाला जाताना जी चिमूटभर विभूती कपाळाला लागते ती गुरुशांतांना लागली नाही. नंतर घरी आणल्यावर सगळं रीतसर झालं. पण जिवंतपणी शेवटच्या घटकेला कपाळ कोरं राहिलं ते राहिलंच. जगदेवीबाईंनी हे सासूबाईंना कधी सांगितलं नाही, आणि स्वतःला माफही केलं नाही. पुढे अनुकंपा तत्त्वावर त्यांना यजमानांची जागा मिळाली आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या कॉलेजात जाऊ लागल्या.

सुरुवातीची वर्षं सोपी गेली. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकांवर कापड घालायचं, बेसिन घासायचं. बरण्यांतले साप, खेकडे आणि एक दोन तोंडांचं कोकरू त्या रुजू होण्याच्या आधीच मेलेलं होतं, तेव्हा त्या पापात त्यांचा काही वाटा नव्हता. मग विभागात मानसिंग सर आले आणि त्यांना दिल्लीहून एक प्रकल्प मंजूर झाला.

प्रकल्प वाम माशावर होता. जगभरच्या संशोधकांचे लाडके मासे दोन-तीनच आहेत. त्यातला झेब्रा मासा तर इतका लाडका की त्याच्या शरीरातलं काहीही मोजायचं म्हटलं तर सामान तयार मिळतं, मागवलं की चार दिवसांत खोक्यातून येतं. वाम कुणाची लाडकी नाही. उजनीच्या आणि भीमेच्या गाळात राहणारा, सापासारखा लांब, पाठीवर काट्यांची रांग असलेला हा मासा. सोलापुरातल्या खाणाऱ्यांना त्याच्याविषयी संपूर्ण माहिती होती, शास्त्राला जवळजवळ काहीच नव्हती. उन्हाळ्यात पाणी तापतं तेव्हा वाम ते कसं सोसते, तिच्या शरीरात आत काय काय हालतं, हे सरांना शोधायचं होतं.

आणि ते शोधायला हत्यारंच नव्हती. ती आधी घडवायची होती. हे काम उत्कर्षाकडे आलं. उत्कर्षा करकंबची, उसाच्या शेतातून वाट काढत शाळेत गेलेली, पीएच.डी.साठी सरांकडे नाव नोंदवलेली. करकंबच्या बाजारात तिच्या वडिलांनी, तिने नाव नोंदवलं त्याच दिवशी, तिला डॉक्टर करून टाकलं होतं, आणि आता गावातली माणसं तिला गुडघेदुखीवर औषध विचारत होती.

उत्कर्षाने जगदेवीबाईंना काम समजावलं ते असं. शरीरात जनुकं असतात, पण ती सगळी सदासर्वदा कामाला नसतात. जे जनुक कामाला लागतं त्याच्या भराभर नकला निघतात. या नकलांना आरएनए म्हणतात. नकला मोजल्या की शरीर काय करतंय ते कळतं. मोजायला प्रत्येक जनुकाला अचूक चिकटणारे छोटे तुकडे लागतात, त्यांना प्रायमर म्हणतात, आणि वामेसाठी ते अजून कुणी केलेले नव्हते. शिवाय मोजायला एक माप लागतं, म्हणजे असं एक जनुक, की पाणी तापो नाहीतर गार होवो, ते आपलं होतं तेवढंच राहतं. बाकीच्यांचं कमीजास्त त्याच्यावरून ठरवायचं. असं एकही जनुक वामेत अजून सापडलेलं नव्हतं.

जगदेवीबाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, म्हणजे घरात लग्न असो की मयत, जी बाई रोज ठरल्याइतक्याच भाकऱ्या थापते, ती बाई हवी का. उत्कर्षा म्हणाली, तीच हवी. ही व्याख्या तिने वहीत लिहून ठेवली, पण प्रबंधात घातली नाही.

पहिलं वर्ष वाया गेलं, कारण आरएनए टिकेना. ही गोष्ट फार नाजूक असते. माणसाच्या बोटांवर, श्वासात, केसांत, दाराच्या कडीवर असं काहीतरी असतंच की ते आरएनएला मिनिटभरात खाऊन टाकतं. उत्कर्षाने काढला, खराब झाला. दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांनी काढला, खराब झाला. मानसिंग सरांनी स्वतः काढून दाखवला, तो सगळ्यांत खराब झाला. मग उत्कर्षाने सगळ्यांना बसवून अर्धा तास नियम सांगितले. हात धुवा, मोजे घाला, मोजे घातल्यावर कशालाही शिवू नका, शिवलात तर मोजे बदला, नळीवर बोलू नका, आपली भांडी वेगळी, त्यांना दुसऱ्याचा हात नको. जगदेवीबाई मागे फडकं घेऊन उभ्या होत्या.

"एवडंच न्हवं?" त्या म्हणाल्या. "मडी म्हणा की."

मडी म्हणजे कर्नाटकाकडच्या घरांतलं सोवळं. जगदेवीबाई लग्न होऊन आल्यापासून काशम्मांच्या हाताखाली ते पाळत होत्या. ओलेत्याने पाणी भरायचं, वाळत घातलेलं लुगडं काठीने काढायचं, वाटेत कुणाचा पदर लागला की पुन्हा पहिल्यापासून अंघोळ. चाळीस वर्षं न चुकता हे केलेल्या बाईला मोजे बदलण्याचं काय विशेष. दुसऱ्या दिवशी उत्कर्षाने गंमत म्हणून त्यांच्या हातात पिपेट दिलं. त्यांनी डोक्याला फडकं बांधलं, तोंड झाकलं, दार कोपराने लोटलं आणि दोन तास एक शब्द न बोलता काम केलं. आरएनए असा स्वच्छ निघाला की सरांनी यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्यांदा तपासायला लावलं.

तेव्हापासून मासा बादलीतून काढल्यापासून त्याचं लिव्हर काढून नळीत घालून बर्फात ठेवण्यापर्यंतचं सगळं काम जगदेवीबाईंचं झालं. बर्फ समोरच्या रसवंतीतून येई. सरांना त्या टेबलाजवळ उभं राहायची बंदी होती. एकदा ते काही विचारायला वाकले तर जगदेवीबाईंनी हातानेच त्यांना मागे सारलं आणि नंतर सांगितलं की सर, तुमचं बोलणं नळीत पडतंय. सर तेव्हापासून दारात उभे राहून विचारू लागले.

आता यात एक गोष्ट होती जी कुणालाच माहीत नव्हती. पहिला मासा हाताखालून गेला त्या दिवशी जगदेवीबाई घरी जाऊन अंघोळ करून पूजेला बसल्या, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि त्यांना ते पेलवेना.  सर म्हणत होते की नको असेल तर ग्रंथालयात बदली देतो. पण ग्रंथालयात गेल्या तर मासे मरायचे राहणार नव्हते, दुसऱ्याच्या हातून मेले असते, आणि आरएनए खराब झाला की पुन्हा दुप्पट मेले असते. हा हिशेब त्यांना चांगला कळत होता. मग त्यांनी आपल्यापुरती तोड काढली. दुसऱ्या दिवशी जे मासे जायचे असतील त्यांच्या टाकीत आदल्या संध्याकाळी चिमूटभर विभूती सोडायची. कोऱ्या कपाळाने कुणाला जाऊ द्यायचं नाही. माशाला कपाळ कुठे असतं हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. पाण्यात सोडली की सगळ्या अंगाला लागते, एवढं पुरेसं होतं. त्या रात्री लिंग हातात नीट राहिलं. पुढची तीन वर्षं, एकशे चौसष्ट माशांना, त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

काम फळाला आलं. नऊ जनुकं तपासून झाल्यावर सात नंबरचं जनुक सापडलं. पाणी अठ्ठावीस अंशांवर असो नाहीतर चौतीसवर, सात नंबर जागचं हललं नाही. जगदेवीबाई त्याला भाकरीवाली म्हणत. तिच्या जोरावर उत्कर्षाने बाकीची मोजमापं केली, लेख लिहिला, प्रबंध बांधायला घेतला. तीस जूनला तो द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. आणि जगदेवीबाई एकतीस मेला निवृत्त होणार होत्या.

म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात सरांनी उत्कर्षाला सांगितलं की मावशींच्या हाताला जे येतं ते सगळं पायरी पायरीने लिहून घे. लेखालाही जोडता येईल, नव्या माणसालाही उपयोगी पडेल. उत्कर्षा तीन दिवस वही घेऊन त्यांच्या मागे फिरली. बादली कुठल्या हाताने धरता, तेल टाकल्यावर किती मोजता, काटे कसे चुकवता. सत्तावीस पायऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी तिने सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का मावशी. जगदेवीबाई हो म्हणाल्या आणि घरी गेल्या.

घरी त्यांना जेवण गेलं नाही. चौथी पायरी होती, आदल्या संध्याकाळी टाकीच्या पाण्याचं तापमान बघून झाकण लावावं. पाचवी होती, सकाळी बादलीत लवंगेचं तेल घालावं. या दोहोंच्या मध्ये त्या रोज काहीतरी करत होत्या आणि कागदावर ते नव्हतं. मडीत एक पायरी गाळली की मडी राहत नाही, हे त्यांना कुणी नव्याने सांगायला नको होतं. शिवाय एक भीती होती. नवा माणूस कागद बघून काम करणार, विभूती टाकणार नाही, आणि आकडे वेगळे आले तर ही पोरगी जन्मभर कारण शोधत बसेल. सांगितलं तर तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल असंही त्यांना वाटत होतं. काशम्मांनी विचारलं, दात दुखतोय का. जगदेवीबाई हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षा संगणकासमोर बसली होती. जगदेवीबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"एक पायरी ऱ्हायलीय," त्या म्हणाल्या. "चौथी न् पाचवीच्या मदी."

"कुठली?"

"आदल्या सांजच्याला मी टाकीत विभूती सोडते. चिमूटभर."

उत्कर्षाने संगणकावरचा हात काढला. "कधीपासनं?"

"पयल्या माशापासनं."

उत्कर्षाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. ती रागावली नाही, आणि त्याचंच जगदेवीबाईंना जास्त लागलं. विभूती म्हणजे शेणाची राख. राखेने पाण्याचा गुण बदलतो, आणि पाण्याचा गुण बदलला की लिव्हरमधली जनुकं इकडची तिकडे होऊ शकतात. म्हणजे उत्कर्षाने तीन वर्षं जे मोजलं ते वामेचं नव्हतं, राखेच्या पाण्यातल्या वामेचं होतं. सात नंबर राखेमुळेच शांत बसलं नसेल कशावरून. ती उठली आणि मानसिंग सरांच्या खोलीत गेली. जगदेवीबाई मागोमाग गेल्या आणि सवयीने दारातच थांबल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं की विभूती कुठल्या कंपनीची. जगदेवीबाईंनी सांगितलं की कंपनीची नव्हे, मठातली आहे. सरांनी कपाळ चोळलं. परीक्षक शुद्धता किती टक्के विचारतील, बॅच नंबर विचारतील, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मार्ग काढला. ही काही पायरी नव्हे, ही मावशींची भावना आहे, आणि भावना लेखात लिहायची पद्धत नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी हे विसरून जावं.

"सर," उत्कर्षा म्हणाली, "भावना पाण्यात विरघळलीय."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना फक्त तीस जून दिसत होता. शेवटी ठरलं ते उत्कर्षाने ठरवलं. अठरा मासे आणायचे. नऊ विभूतीच्या पाण्यात, नऊ साध्या. बाकी सगळं एकसारखं. मग लिव्हर काढून नऊच्या नऊ जनुकं दोन्हीकडे मोजायची. फरक नाही निघाला तर लेखात एक ओळ वाढेल आणि सगळं वाचेल. फरक निघाला तर सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला वेळ नव्हता. लिव्हर मावशींनीच काढायची, कारण दुसऱ्याच्या हाताने आरएनए खराब झाला तर काहीच कळणार नाही.

जगदेवीबाईंनी एवढंच विचारलं की हे अठरा माझ्यामुळे का. उत्कर्षा करकंबची होती, तिला गोड बोलणं फारसं जमत नसे. ती हो म्हणाली.

आधी चिमूट मोजायची होती. उत्कर्षाने तराजूवर कागद ठेवला आणि जगदेवीबाईंना दहा वेळा चिमूट सोडायला लावली. दहाही वेळा आकडा चाळीस ते बेचाळीस शतांश ग्रॅमच्या मध्ये राहिला. सरांना हे बघून राहवलं नाही, त्यांनी स्वतः दहा चिमटी सोडून बघितल्या. त्यांच्या आकड्यांविषयी पुढे कुणी काही बोललं नाही.

नेहमी मासे पुरवणाऱ्या भोयाने अठरा वामा आणून दिल्या. हंगाम संपत आला होता, तरी त्याने कुठून तरी मिळवल्या. कुठला मासा कुठे जाणार हे कुणी मनाने ठरवायचं नाही असा नियम असतो, म्हणून उत्कर्षाने अठरा चिठ्ठ्या केल्या, नऊवर खूण, नऊ कोऱ्या. एकेक मासा जाळीत घ्यायचा, एकेक चिठ्ठी उचलायची. खूण निघाली की डावी टाकी, कोरी निघाली की उजवी. चिठ्ठ्या जगदेवीबाईंनी उचलल्या. पहिली कोरी निघाली तेव्हा त्यांनी ती उलटून पाहिली, मागेही काही नव्हतं. दुसरीही कोरी निघाली. त्यांच्या मनात आलं की एखादी चिठ्ठी बघून न बघितल्यासारखी करावी, पण तसं केलं असतं तर हे अठराच्या अठरा फुकट गेले असते. त्यांनी तसं केलं नाही. सगळ्यांत छोटी वाम, बोटाएवढीच जाड, उजवीकडे गेली.

संध्याकाळी सर गेले, उत्कर्षाही गेली. नळ्यांवर फक्त आकडे राहणार होते आणि कुठला आकडा कुठल्या टाकीतला हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून ती मुद्दाम दुसऱ्या दिवशीही येणार नव्हती. कुठला आकडा कुठल्या टाकीतला याची यादी जगदेवीबाई सकाळी करणार होत्या आणि ती सरांच्या कपाटात कुलपात राहणार होती. जगदेवीबाई एकट्या टाक्यांपुढे उभ्या राहिल्या. डाव्या टाकीत त्यांनी चिमूट सोडली. ती पाण्यावर क्षणभर राहिली आणि मग खाली गेली. मग त्या उजव्या टाकीपुढे आल्या.

पिशवी हातातच होती. बघायला कुणी नव्हतं. उत्कर्षाला कळण्याचा काही मार्ग नव्हता. एक चिमूट सोडली असती तर दोन्ही टाक्या सारख्या झाल्या असत्या, दोन्हीकडचे आकडे सारखे आले असते, फरक नाही असं निघालं असतं, पोरगीचं काम वाचलं असतं आणि नऊ जीव कोरे गेले नसते. सगळ्यांचंच भलं झालं असतं, फक्त ते खोटं असतं. जगदेवीबाईंना हे सगळं स्पष्ट दिसत होतं. त्यांना गुरुशांतांचं कपाळ आठवलं आणि त्या टाकीला हात टेकून रडल्या. तेव्हा चुकून झालं होतं, आज जाणूनबुजून करायचं होतं.

"तुमाला न्हाय," त्या वामांना म्हणाल्या. "मी हाय हितं, पिशवीबी हाय, पर तुमाला न्हाय."

मग त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, पाण्याचं तापमान बघितलं, दोन्ही टाक्यांना झाकण लावलं आणि घरी गेल्या.

सकाळी त्यांनी अठरा लिव्हरं काढली. हात एकदाही चुकला नाही. माशांचं उरलेलं अंग नेहमीप्रमाणे इमारतीमागे खड्ड्यात पुरलं. पुढचे तीन दिवस उत्कर्षा नळ्या घेऊन बसली आणि जगदेवीबाईंना काही काम उरलं नाही.

त्या तीन दिवसांत त्यांना एक गोष्ट कळली आणि ती कळल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. उत्कर्षाला फरक नको होता. त्यांनाही तो नको असायला हवा होता, पोरगी डोळ्यांदेखत वाळली होती, दोन वेळचा डबा तसाच परत नेत होती. सकाळी पूजेत त्या हेच मागायला बसत की फरक निघू नये. पण मागता मागता मन भलतीकडेच जाई. तीन वर्षं त्यांनी विभूती सोडली आणि ती पोचते की नाही हे कधी कुणाला विचारलं नव्हतं, विचारायची ती गोष्टच नव्हती. आता यंत्र सांगणार होतं. फरक निघाला तर पोचत होती. एकशे चौसष्टांना पोचली होती. फरक नाही निघाला तर पाण्यात नुसती राख पडत होती. जगदेवीबाईंना फरक हवा होता. लिंग तळहातावर घेऊन त्या हेच मागत होत्या की तो नको, आणि त्यांना तो मनापासून हवा होता.

चौथ्या दिवशी दुपारी सरांनी कपाटातून यादी काढली. उत्कर्षाने आकडे दोन रांगांत लावले. पंखा होता तरी तिच्या कपाळावर घाम होता, बाहेर त्रेचाळीस अंश होते. तिने एकेक जनुक बघितलं. पहिलं, दुसरं, तिसरं. सात नंबरवर ती थांबली, दोनदा मोजलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून पडून राहिली. सरांनी घाबरून विचारलं काय झालं. तिने डोकं न उचलता सांगितलं की नऊच्या नऊ सारखी आहेत, तिळभर इकडे नाही की तिकडे नाही. सर खिशात पाकीट शोधत शोधतच भजी सांगायला बाहेर पडले. ते स्वतः गेले, यावरून ते किती आनंदात होते ते कळेल.

जगदेवीबाई बेसिनपाशी बरण्या धूत होत्या. उत्कर्षा तिथे गेली. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती.

"मावशी, कायबी फरक न्हाय," ती म्हणाली. कॉलेजात ती असं बोलत नसे. "सगळं वाचलं."

जगदेवीबाईंनी नळ बंद केला. बरं झालं, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटलं. त्यांनी ओल्या हाताने उत्कर्षाच्या डोक्यावर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"कशातच न्हाय?"

"कशातच न्हाय."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

"म्हंजे त्यास्नी पोचलंच न्हाय," जगदेवीबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. एखादं टपाल परत आल्यावर माणूस पत्ता वाचतो तसं त्यांनी ते म्हटलं.

उत्कर्षाचं हसू गेलं. श्रद्धा यंत्रात मोजता येत नाही, असं काहीतरी तिला म्हणता आलं असतं, माणसं म्हणतात तसं. पण तिने चार वर्षं जे मोजलं नाही ते म्हणायचं नाही अशी सवय लावून घेतली होती, आणि ती सवय निम्मी याच बाईने लावली होती. ती बेसिनच्या कडेला टेकली आणि तिने खरोखरच विचार केला.

"मावशी," ती म्हणाली, "आपण नुसतं लिव्हर बघितलंय."

जगदेवीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी नळ सोडला आणि राहिलेली बरणी धुवायला घेतली.